इमारत महापालिकेची, वर्ग संस्थेचा

चार्टर शाळा म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, पण सरकारी खात्याने न चालवलेली शाळा. तिथे पालकांकडून फी घेत नाहीत आणि प्रवेशासाठी परीक्षाही नसते. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत काढतात. कारभार एखादी स्वयंसेवी संस्था, शिक्षकांचा गट किंवा विश्वस्त मंडळ पाहते. सरकार आणि हे चालक यांच्यात ठरावीक वर्षांचा लेखी करार असतो. शिक्षक कोण नेमायचे, वेळापत्रक कसे आखायचे, कोणत्या पद्धतीने शिकवायचे हे संस्था ठरवते. मुले प्रत्यक्षात काय शिकली, याचा हिशेब मात्र तिने द्यायचा असतो. तो समाधानकारक नसेल तर कराराची मुदत वाढत नाही आणि शाळा बंदही होऊ शकते.

या शाळांचा पहिला कायदा १९९१ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात झाला. शिक्षक संघटनेचे नेते अल्बर्ट शँकर यांनी १९८८ मध्येच ही कल्पना जाहीरपणे मांडली होती. शिक्षकांना नवे प्रयोग करायला मोकळीक असलेल्या शाळा असाव्यात आणि तिथे जे साधेल ते नेहमीच्या सरकारी शाळांनी उचलावे, अशी त्यांची अपेक्षा होती. त्यामुळे सुरुवातीपासूनच वेगळ्या शिक्षणपद्धतीच्या शाळा या वाटेने आल्या. विनोना गावातील ब्लफव्ह्यू ही खाजगी माँटेसरी शाळा कायद्याचा आधार घेऊन सार्वजनिक झाली. तोवर फी भरू शकणाऱ्यांपुरती असलेली पद्धत सर्वांना मोफत मिळू लागली. आज अमेरिकेत सुमारे ३७ लाख मुले चार्टर शाळांत शिकतात.

महाराष्ट्रातील जुनी भागीदारी

भारतात चार्टर शाळांचा कायदा नाही. मात्र सरकारी पैसा आणि खाजगी व्यवस्थापन ही जोडी महाराष्ट्राला नवी नाही. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना अनुदान देण्याचे धोरण आणले आणि त्यातूनच पुढे अनुदानित शाळांची व्यवस्था उभी राहिली. राज्यातील माध्यमिक शिक्षणाचा मोठा भार आजही याच शाळा वाहतात.

अनुदानित शाळेत इमारत आणि व्यवस्थापन संस्थेचे असते, तर मान्यताप्राप्त शिक्षकांचा पगार शासन देते. पगारासोबत शासनाचे नियमही येतात. सेवाशर्ती १९७७ च्या खाजगी शाळा कर्मचारी कायद्याने बांधलेल्या आहेत. किती शिक्षक मंजूर होणार ते पटसंख्येवरून, संचमान्यतेत ठरते. पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि त्याचे दुसऱ्या शाळेत समायोजन होते. वेगळ्या पद्धतीने शिकवणाऱ्या शाळेला याची झळ जास्त बसते, कारण अशी पद्धत पुस्तकात कमी आणि तिच्यात तयार झालेल्या शिक्षकांत जास्त असते. ते शिक्षकच बदलले तर नव्यांची तयारी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

पुण्यातील करार

चार्टर शाळेशी सर्वांत जवळचे नाते सांगणारा नमुना पुणे आणि मुंबईच्या महापालिका शाळांत दिसतो. त्याला सार्वजनिक-खाजगी भागीदारी किंवा पीपीपी म्हणतात. यातील ठळक नाव आकांक्षा फाउंडेशनचे. शाहीन मिस्त्री यांनी सुरू केलेली ही संस्था आधी वस्त्यांतील मुलांसाठी शाळेबाहेरची केंद्रे चालवत असे. दिवसातले दोन-अडीच तास पुरेसे नाहीत, मुलांचे दिवसभराचे शिक्षणच हाती घ्यायला हवे, या विचाराने तिने महापालिकांशी करार करून पूर्ण वेळच्या शाळा चालवायला घेतल्या. पुणे, पिंपरी-चिंचवड आणि मुंबईनंतर हे काम नागपुरातही पोहोचले.

या करारात अनुदानित शाळेची मांडणी उलटी होते. इमारत महापालिकेची असते. शिक्षकांची निवड, प्रशिक्षण आणि पगार संस्था पाहते. मुले आसपासच्या वस्तीतील असतात आणि फी नसते. शेवटी मुले राज्य मंडळाचीच दहावी देतात. शिक्षक निवडण्याची मोकळीक मिळाल्यामुळे प्रकल्पातून शिकणे, कला, नाटक, समुपदेशन, घरोघरी जाऊन पालकांशी बोलणे अशा गोष्टी वेळापत्रकात बसवता येतात. मात्र या मोकळिकीचा खर्च बव्हंशी देणग्या आणि कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून भागवावा लागतो. अमेरिकेतील चार्टर शाळेला दर विद्यार्थ्यामागे सरकारी रक्कम मिळते. इथला खरा फरक हाच.

पिंपरी-चिंचवड महापालिकेची बोपखेल येथील इंग्रजी शाळा या पद्धतीचे उदाहरण आहे. आकांक्षा चालवत असलेली ही शाळा २०२२ मध्ये ‘जगातील सर्वोत्तम शाळा’ पुरस्कारासाठी निवडलेल्या पहिल्या दहा शाळांत आली, तीही समाजाच्या सहभागासाठी. डॉक्टर, दुकानदार आणि धर्मगुरू यांना सोबत घेऊन शाळेने वस्तीतील कुटुंबांना पौष्टिक आणि परवडणारा स्वयंपाक शिकवला. मुलांच्या शिकण्याचा घरच्या आहाराशी संबंध आहे हे ओळखणे आणि त्यावर काम करायला वेळ काढणे शाळेला शक्य झाले, ते कारभाराच्या मोकळिकीमुळे.

वेगळे शिकवणे म्हणजे काय

पर्यायी शिक्षणपद्धतींची नावे अनेक असली तरी त्यांचा पाया बराचसा समान आहे. मूल ऐकून कमी आणि करून जास्त शिकते. प्रत्येकाचा वेग निराळा असतो. आणि घरच्या भाषेतून, अनुभवातून सुरुवात केली तर पुढचे शिकणे पक्के होते. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीत आणि पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने कोसबाडला हेच केले. माँटेसरीची महाग साधने बाजूला ठेवून त्यांनी शंख-शिंपले, पाने, बिया आणि खडे वापरले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर कुरणशाळा चालवून शाळाच त्यांच्याकडे नेली. अंगणवाडीची कल्पनाही याच कामातून पुढे आली. कोल्हापूरची सृजन आनंद, फलटणचे कमला निंबकर बालभवन आणि पुण्याची अक्षरनंदन या मराठी माध्यमाच्या शाळांनी हा विचार १९८५ नंतर आपापल्या परीने वाढवला.

शँकर यांना अपेक्षित असलेला प्रवास, म्हणजे प्रयोगशील शाळेतून सरकारी शाळेकडे, महाराष्ट्रात काही प्रमाणात घडला आहे. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटात, जिल्हा परिषदेच्या शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धत उचलली; तीत मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचते. वर्गाच्या फरशीवर तक्ते आखले गेले, मुले गटात बसू लागली, दशक-एकक शिकताना काड्यांचे गठ्ठे सोडू-बांधू लागली. राज्यभरातून शिक्षक हे पाहायला गेले. शासनाने जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आणला, तेव्हा कुमठ्याचा अनुभव समोर होता. पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील जालिंदरनगर येथील जिल्हा परिषद शाळेत मुलेच एकमेकांना विषय शिकवतात. २०२५ च्या ‘जगातील सर्वोत्तम शाळा’ पुरस्कारांत लोकांच्या मतदानातून दिला जाणारा सन्मान तिला मिळाला. या दोन्ही ठिकाणी कोणताही करार नव्हता आणि संस्थाही बाहेरची नव्हती.

फायदे आणि आक्षेप

कराराच्या शाळा आपोआप चांगल्या ठरत नाहीत. स्टॅनफर्ड विद्यापीठातील ‘क्रेडो’ केंद्राच्या २००९ च्या अभ्यासात अमेरिकेतील १७ टक्के चार्टर शाळा गणितात सरकारी शाळांपेक्षा सरस निघाल्या, तर ३७ टक्के कमी पडल्या. २०२३ च्या अभ्यासात चित्र सुधारले होते, पण सरासरी फरक मोठा नव्हता आणि शाळा-शाळांतील तफावत कायम होती. ज्या राज्यांत देखरेख ढिली होती, तिथे निधीचे गैरव्यवहारही झाले.

महाराष्ट्रात आक्षेपांचे स्वरूप वेगळे आहे. शासनाने आपली जबाबदारी संस्थांवर ढकलू नये, हा पहिला आक्षेप. सप्टेंबर २०२३ मध्ये शाळा दत्तक देण्याची योजना जाहीर झाली तेव्हा तो तीव्रतेने मांडला गेला. दुसरा आक्षेप शिक्षकांच्या नोकरीच्या शाश्वतीचा आणि तिसरा माध्यमाचा आहे. भागीदारीतील बऱ्याच शाळा इंग्रजी माध्यमाच्या असल्याने जवळच्या मराठी शाळांचा पट घटतो, अशी तक्रार होते. देणगी आटली तर वर्गाचे काय, हा प्रश्नही उरतोच.

खडकवासल्याच्या पालकांसाठी

खडकवासला, किरकटवाडी, नांदेड ही सिंहगड रस्त्याकडची गावे जून २०२१ च्या अखेरीस पुणे महापालिकेच्या हद्दीत आली. प्राथमिक शिक्षण हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य असल्याने गावातील शाळेचा प्रश्न आता जिल्हा परिषदेऐवजी महापालिकेपुढे मांडायचा आहे. भागीदारीच्या शाळाही तीच ठरवते. असा प्रस्ताव कधी आला तर पालकांनी काही गोष्टी लेखी मागाव्यात: करार किती वर्षांचा, शिक्षकांचा पगार कोण देणार, संस्था निघून गेली तर वर्ग कोण चालवणार, प्रवेशात वस्तीतील मुलांना प्राधान्य आहे का, आणि मुलांच्या प्रगतीचा अहवाल कुठे पाहायला मिळेल.

प्रस्ताव येण्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ नुसार अभ्यासक्रम ठरवताना कृती आणि शोध यांतून शिकणे विचारात घ्यावे लागते. महापालिकेच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या महिला असाव्यात, असेही हा कायदा सांगतो. ही समिती शाळेचा विकास आराखडा तयार करते आणि अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवते. वेगळ्या पद्धतीचे शिक्षण आपल्या गावच्या शाळेत हवे असेल, तर पालकांनी या समितीच्या बैठकीला जाणे आणि आराखड्यात ते लिहून घेणे ही पहिली पायरी आहे.