घरचं मैदान, परक्या गावात

आजचा विषय फुटबॉलचा आहे, पण ऑफसाइड म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्यांनीही बसायला हरकत नाही. आपण बोलणार आहोत ते मुख्यतः जागेबद्दल, भाड्याबद्दल आणि घराबद्दल. हे तीन विषय आपल्याकडे कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत.

सुरुवातीला एक साधी गोष्ट. साखळी स्पर्धेत प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशी दोनदा खेळतो. एकदा आपल्या मैदानावर, एकदा त्यांच्या. इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीत २४ संघ असतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ४६ सामने, त्यातले २३ घरचे. घरच्या सामन्याच्या तिकिटांचे पैसे यजमान क्लबचे. मोठ्या क्लबांना टीव्हीचे पैसे मिळतात, पण खालच्या श्रेणीतल्या क्लबचा संसार बराचसा या २३ दिवसांवर चालतो. मग एखादा क्लब हे २३ दिवस स्वतःहून दुसऱ्या गावी का नेईल?

कधीकधी कारण अगदी साधं असतं. मुंबईत कूपरेजवर काम चाललं होतं, तेव्हा मुंबईतले क्लब आय-लीगचे घरचे सामने पुण्याला बालेवाडीत खेळत होते. गैरसोय झाली, पण त्यात कुणाचा डाव नव्हता. आज आपण पाहणार आहोत ते प्रकरण वेगळं आहे. त्यात मैदान उभं होतं, रिकामं होतं, उत्तम स्थितीत होतं, आणि तरी क्लब तिथे खेळत नव्हता.

कॉव्हेंट्रीचं बिऱ्हाड

कॉव्हेंट्री हे इंग्लंडच्या मधोमध वसलेलं कारखान्यांचं शहर. आधी सायकली, मग मोटारी. तिथला क्लबही कारखान्यातूनच जन्मला. १८८३ मध्ये सिंगर सायकल कंपनीच्या कामगारांनी तो सुरू केला. १८९९ पासून हायफील्ड रोड हे त्यांचं मैदान. १९६७ ते २००१ अशी सलग ३४ वर्षं कॉव्हेंट्री सिटी पहिल्या श्रेणीत होती. १९८७ मध्ये त्यांनी वेम्ब्लीवर टॉटनहॅमला ३-२ असं हरवून एफए कप जिंकला. शहराच्या आठवणीतला तो सर्वांत मोठा दिवस.

नव्वदच्या दशकात क्लबने मोठं स्वप्न पाहिलं. शहराच्या उत्तरेला नवं, भव्य स्टेडियम बांधायचं. त्यासाठी हायफील्ड रोडची जागा विकली आणि तिथेच भाड्याने राहून खेळणं सुरू ठेवलं. तेवढ्यात २००१ मध्ये संघ पहिल्या श्रेणीतून घसरला, उत्पन्न आटलं, कर्ज मात्र तसंच राहिलं. नव्या स्टेडियमची कंपनी निम्मी क्लबची आणि निम्मी नगरपालिकेची असणार होती. पैशाच्या ओढाताणीत क्लबने आपला निम्मा वाटा एका स्थानिक धर्मादाय संस्थेला विकला. २००५ मध्ये साधारण ३२ हजार आसनांचं स्टेडियम उघडलं, तेव्हा ज्या क्लबसाठी ते बांधलं तो तिथे भाडेकरू होता. भाडं वर्षाला सुमारे १३ लाख पौंड. वर सामन्याच्या दिवशी विकल्या जाणाऱ्या चहा-बिअरचं, पार्किंगचं, तिथे होणाऱ्या कार्यक्रमांचं उत्पन्न मुख्यतः स्टेडियम कंपनीकडे.

आपल्याकडे म्हणतात, घर पाहावं बांधून. कॉव्हेंट्रीने बांधून पाहिलं, आणि उंबऱ्याबाहेर उभं राहावं लागलं.

२००७ च्या अखेरीस क्लब अगदी बुडायला आला असताना लंडनच्या सिसू या गुंतवणूक फंडाने तो घेतला. २०१२ मध्ये संघ तिसऱ्या श्रेणीत घसरला. तिथे एवढं भाडं परवडत नाही, असं म्हणत मालकांनी भाडं देणंच थांबवलं. वाद कोर्टात गेला. मार्च २०१३ मध्ये क्लब चालवणाऱ्या कंपनीवर दिवाळखोरीतला प्रशासक नेमला गेला आणि शिक्षा म्हणून दोन हंगामांत मिळून २० गुण कापले गेले. २०१३ च्या उन्हाळ्यात जाहीर झालं की यापुढे घरचे सामने नॉर्दॅम्प्टनला होतील. अंतर सुमारे ५५ किलोमीटर. लीगने परवानगी दिली, पण क्लब परत येईल याची हमी म्हणून १० लाख पौंडांची रक्कम अडकवून ठेवायला लावली.

हिशेब करून पाहू

मालकांचं म्हणणं वरवर पटण्यासारखं होतं. उत्पन्न घटलं की माणूस मोठं घर सोडून लहान घरात जातो. मग हा हिशेब कुठे चुकतो?

कॉव्हेंट्रीत भाड्याच्या वादाच्या शेवटच्या हंगामात सरासरी ११ हजारांच्या जवळपास लोक येत होते. नॉर्दॅम्प्टनला सरासरी आली २,३०० च्या आसपास. म्हणजे दर सामन्यामागे साडेआठ हजार माणसं कमी. त्याला २३ ने गुणा, वर्षाला जवळपास दोन लाख तिकिटं होतात. आता उलटं गणित मांडा. १३ लाख पौंड भाडं दोन लाख तिकिटांवर वाटलं तर तिकिटामागे साडेसहा पौंड पडतात. तिसऱ्या श्रेणीतलं मोठ्या माणसाचं तिकीटही याच्या कितीतरी पट असतं. शिवाय नव्या मैदानाचं भाडं आहेच. थोडक्यात, भाडं वाचवण्यासाठी भाड्यापेक्षा जास्त गमावलं.

सीझन तिकीट हा एक सवयीचा धागा असतो. शनिवारी दुपारी तीनचा सामना. आधी ठरलेल्या ठिकाणी चहा किंवा बिअर, ठरलेली खुर्ची, शेजारी वर्षानुवर्षं तोच माणूस. नाव ठाऊक नसलं तरी तो दोन आठवडे दिसला नाही तर चुकल्यासारखं वाटतं. पहिल्यांदा सामना चुकतो तेव्हा रुखरुख लागते, दहाव्यांदा चुकतो तेव्हा शनिवारी करायला दुसरं काहीतरी सापडलेलं असतं. लहान मुलांच्या बाबतीत तर हे आणखी खरं. सहा-सात वर्षांचं पोर बापाचा हात धरून ज्या संघाला पाहायला जातं, तो संघ त्याचा होतो. ते वर्ष हुकलं की परत मिळत नाही.

मग एवढं साधं गणित मालकांना कळत नव्हतं का? कळत असणार. पण त्यांची नजर तिकिटांवर नव्हती, स्टेडियमवर होती. क्लब निघून गेला की स्टेडियमचा मुख्य भाडेकरू जातो. भाडं बंद झालं की स्टेडियम कंपनी कोंडीत सापडते, मग तिच्यातला वाटा स्वस्तात मिळू शकतो. नगरपालिकेने स्टेडियम कंपनीला दिलेल्या १ कोटी ४४ लाख पौंडांच्या कर्जाविरुद्ध मालक न्यायालयात गेले होते. जून २०१४ मध्ये तो दावा फेटाळताना, भाडं थांबवणं हा स्टेडियम कंपनीची आर्थिक कोंडी करण्याच्या धोरणाचा भाग होता, अशा आशयाचं निरीक्षण न्यायालयाने नोंदवलं. दोन मालमत्तादारांच्या भांडणात क्लब हे हत्यार झालं होतं, आणि त्याची धार लागत होती ती पाठीराख्यांना.

टेकडीवरची माणसं

आता त्या पाठीराख्यांकडे वळू, कारण खरी पंचाईत त्यांची होती.

जायचं की नाही? गेलो तर आपण या स्थलांतराला पैसे पुरवतो. नाही गेलो तर मैदानावर धावणारी पोरं एकटी पडतात. त्यांचा काय दोष? एकाच घरात दोन मतं झाली. आता एक पेनीही द्यायची नाही, असं ठरवून बरेच जण थांबले. काही जण मन घट्ट करून ५५ किलोमीटर जात राहिले. दोघांनाही वाटत होतं की आपणच क्लब वाचवतोय.

काहींनी तिसरी वाट शोधली. नॉर्दॅम्प्टनच्या स्टेडियमला लागून एक उंचवटा आहे, तिथून मैदानाचा काही भाग दिसतो. ही मंडळी तिथवर जायची, तिकीट काढायची नाहीत, आणि थंडी-पावसात टेकडीवर उभी राहून घोषणा द्यायची. त्या जागेला नावही पडलं ‘जिमीज हिल’. जिमी हिल हे साठच्या दशकात कॉव्हेंट्रीला पहिल्या श्रेणीत नेणारे व्यवस्थापक, आणि इंग्रजीत हिल म्हणजे टेकडी. आत मालकांचा क्लब, बाहेर गावाचा क्लब, आणि मध्ये कुंपण. सबंध वाद त्या एका चित्रात दिसत होता.

अखेर तडजोड झाली. ५ सप्टेंबर २०१४ ला संघ कॉव्हेंट्रीत परतला. त्या रात्री २७,३०६ माणसं आली. प्रतिस्पर्धी गिलिंगहॅम, निकाल १-०. नॉर्दॅम्प्टनच्या सरासरीच्या जवळपास बारापट गर्दी, एका दिवसात.

मालकी कुठे सुटते

पण गोष्ट इथे संपत नाही. क्लबने सोडलेल्या पोकळीत दुसराच कुणी शिरला. २०१४ च्या शरद ऋतूत वास्प्स या रग्बी क्लबने स्टेडियम कंपनी विकत घेतली. हा क्लब मुळचा लंडनचा, तेव्हा हाय विकमला खेळणारा. त्याने आपल्या पाठीराख्यांना मागे ठेवून शंभरावर किलोमीटरवरच्या कॉव्हेंट्रीत घर केलं. एका क्लबच्या बेघर होण्याने दुसऱ्याचं स्थलांतर शक्य झालं. पुढे २०१९ मध्ये नव्या मालकांशी बोलणी फिसकटली आणि कॉव्हेंट्री सिटी पुन्हा बाहेर पडली, यावेळी बर्मिंगहॅमला.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बर्मिंगहॅमला त्यांनी तिसरी श्रेणी जिंकली. म्हणजे परक्या मैदानावर संघ हरतोच असं नाही. अकरा जणांना गवत सगळीकडे सारखंच. घर लागतं ते बघणाऱ्यांना.

हे एकट्या कॉव्हेंट्रीचं नाही. ब्रायटनचं गोल्डस्टोन मैदान नव्वदच्या दशकात विकलं गेलं, नवी जागा ठरलेली नसताना. १९९७ ते १९९९ अशी दोन वर्षं क्लब शंभराहून जास्त किलोमीटरवर, गिलिंगहॅमला खेळला. मग शहरात परतला तो एका अॅथलेटिक्सच्या मैदानावर, आणि स्वतःचं स्टेडियम मिळालं २०११ मध्ये. विम्बल्डनने १९९१ मध्ये प्लाव लेन सोडलं, तात्पुरतं म्हणून, लंडनमध्येच क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर. ते तात्पुरतं बारा वर्षं चाललं. २००२ मध्ये तीन जणांच्या आयोगाने क्लबला सुमारे ९० किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्सला जायची मुभा दिली. पाठीराख्यांनी त्याच उन्हाळ्यात स्वतःचा नवा क्लब काढला, बऱ्याच खालच्या साखळीपासून सुरुवात केली, आणि २०२० च्या नोव्हेंबरमध्ये तो प्लाव लेनवरच्या नव्या स्टेडियममध्ये परतला.

तिन्ही गोष्टींत आपल्याला एकच क्रम दिसतो. आधी मैदान क्लबच्या हातून जातं. ते जातं तेव्हा फारसा गाजावाजा होत नाही, कारण संघ दुसऱ्या दिवशी तिथेच खेळत असतो. स्थलांतराची बातमी काही वर्षांनी येते आणि सगळे तेव्हा जागे होतात. गिरणगावाने हेच पाहिलंय. जमीन धंद्यापेक्षा महाग झाली की धंदा चालवण्यात कुणाला रस उरत नाही. आणि ट्रान्झिट कॅम्पात गेलेल्या माणसाला विचारा, ‘तात्पुरतं’ या शब्दाला तारीख असते का.

म्हणून उपायही मैदानापासून सुरू होतो. इंग्लंडमध्ये २०११ च्या कायद्याने लोकांना एखादी वास्तू ‘समाजाच्या मोलाची’ म्हणून नोंदवता येऊ लागली. अशी वास्तू विकायला काढली तर स्थानिक गटाला पैसे उभे करायला सहा महिने मिळू शकतात. नोंद होणारं पहिलं फुटबॉल स्टेडियम ऑक्सफर्डचं, २०१३ मध्ये. जुलै २०२५ मध्ये फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा झाला. घरचं मैदान विकायचं किंवा हलवायचं तर आता वरच्या पाच श्रेणींतल्या क्लबांना या नियामकाची मंजुरी लागेल. कॉव्हेंट्रीला याचा उपयोग व्हायला उशीर झाला, पण त्यांनी आपली वाट शोधली. २०२१ मध्ये क्लब परतला. २०२२ मध्ये वास्प्स दिवाळखोरीत गेला. स्टेडियम आणखी एका कंपनीकडे गेलं, क्लबचा मालक बदलला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये कॉव्हेंट्री सिटीने आपलं स्टेडियम विकत घेतलं. उघडल्यानंतर वीस वर्षांनी.

आपल्याकडे २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी बंद झाला आणि इंडियन सुपर लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या नव्या क्लबने घेतली. बालेवाडीचं स्टेडियम सरकारी, क्लब खासगी, आणि दोघांना बांधणारी जुनी गाठ कुठलीच नाही. टेकडीवर उभं राहायला कुणी गेलं नाही, कारण तेवढं जुनं व्हायला क्लबला वेळच मिळाला नव्हता. तेव्हा तुमच्या गावातल्या क्लबच्या, मंडळाच्या, तालमीच्या मैदानाचा सातबारा कुणाच्या नावावर आहे, हे एकदा पाहून ठेवा. संघ उत्तम खेळत असताना, सगळं सुरळीत असतानाच पाहा. नंतर पाहिलं तर बहुतेक टेकडीवरून पाहावं लागतं.