समीकरणांची मैफल

दहावी झाली आणि माझी नि गणिताची फारकत झाली. पुढे बी. ए. केलं, कविता लिहू लागलो. त्यामुळे मी गुरुत्वाकर्षणाविषयी बोलणार म्हटल्यावर घरात आधी हशा पिकला. पण आज मला समीकरणं सोडवून दाखवायची नाहीत. ती सोडवणाऱ्या माणसांनी एकत्र येऊन उभी केलेली एक संघटना आहे, तिच्याविषयी सांगायचं आहे. तिचं नाव जरा लांबलचक आहे : 'इंडियन असोसिएशन फॉर जनरल रिलेटिव्हिटी अँड ग्रॅव्हिटेशन'. आइनस्टाइनचा व्यापक सापेक्षता सिद्धांत आणि गुरुत्वाकर्षण या विषयांत काम करणाऱ्या भारतीय संशोधकांची ही संघटना १९६९ साली स्थापन झाली.

सैद्धांतिक भौतिकीवाल्यांना संघटना हवी कशाला, असा प्रश्न मला पहिल्यांदा पडला होता. त्यांना प्रयोगशाळा लागत नाही. वही, पेन्सिल आणि फळा एवढ्यावर त्यांचं भागतं. कवीचंही तसंच असतं. आणि कवी म्हणूनच या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं. आमच्याकडे नवा शायर आपली गझल आधी उस्तादाला दाखवतो. उस्ताद एखादा शब्द बदलतो, एखादा शेर सरळ खोडतो. याला 'इस्लाह' म्हणतात. मग मुशायरा. तिथे दाद मिळते, किंवा मिळत नाही. लिहिणं एकट्याचं असतं, पण ते बरोबर उतरलंय की नाही हे एकट्याला कळत नाही. कागदावरच्या गणिताची गोष्ट याहून वेगळी नाही. चूक दाखवणारं माणूस शेजारी नसेल तर ती वर्षानुवर्षं तशीच राहू शकते. बरोबर उत्तरही तसंच पडून राहू शकतं, आणि हे अधिक वाईट.

या संघटनेची मुळं बनारसला सापडतात, आणि तिथवर पोचवणारा माणूस आपल्या कोल्हापूरचा. विष्णू वासुदेव नारळीकर. कोल्हापूर, मुंबई, मग केंब्रिज असं शिक्षण घेऊन ते १९३२ साली मदनमोहन मालवीयांच्या बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवायला आले. जयंत नारळीकर हे त्यांचे चिरंजीव. सापेक्षतेचा सिद्धांत जगातच थोड्या लोकांना कळत होता, त्या काळात विष्णुपंतांनी बनारसला त्याचं एक छोटं घराणं उभं केलं.

त्या घराण्यात १९४२ साली प्रल्हाद चुनीलाल वैद्य नावाचा गुजराती तरुण दाखल झाला. सोबत पत्नी आणि तान्ही मुलगी. पगार नाही, गाठीला होती ती बचत, ती पुरली सुमारे दहा महिने. तेवढ्यात त्यानं काय केलं? आइनस्टाइनची समीकरणं एका ताऱ्यासाठी श्वार्त्झशिल्ड या जर्मन शास्त्रज्ञानं १९१६ साली सोडवली होती. पण तो तारा अंधारा होता. त्यातून प्रकाश बाहेर पडत नव्हता, म्हणून त्याचं वजनही घटत नव्हतं. खरा तारा दिव्यासारखा असतो, जळता जळता कमी होत जातो. अशा झिजणाऱ्या ताऱ्याभोवतीचं गुरुत्वाकर्षण कसं असेल, याचं उत्तर वैद्यांनी काढलं आणि ते १९४३ साली प्रसिद्ध झालं. आज जगभर ते 'वैद्य मेट्रिक' म्हणून ओळखलं जातं. परंतु त्याचं खरं मोल जगाला कळायला साठचं दशक उजाडावं लागलं. पुढे गुजरात विद्यापीठाचे कुलगुरू झाल्यावरही वैद्य सायकलवरून कचेरीत जात असत.

दुसरी गोष्ट कोलकात्याची. ती ऐकली तेव्हा मला वाईट वाटलं होतं. अमल कुमार रायचौधुरी यांना तर बनारससारखं घराणंही मिळालं नाही. नोकरीत त्यांना धातूंच्या गुणधर्मांवर काम करावं लागे. सापेक्षता हा त्यांचा स्वतःच्या वेळेतला उद्योग. एकट्यानं बसून त्यांनी जो प्रश्न सोडवला तो असा : धुळीचा एक प्रचंड ढग आहे असं समजा. प्रत्येक कण दुसऱ्याला ओढतो आहे. ढग आकसत जाईल. तो सर्व बाजूंनी अगदी सारखा असेल तर एका बिंदूत कोसळेल, हे ठाऊक होतं. पण खरा ढग इतका नीटस कुठे असतो? तेव्हा पुष्कळांचा समज असा की, तो बिंदूतला विनाश म्हणजे नीटसपणा गृहीत धरल्याचा परिणाम. खडबडीत, वेडावाकडा ढग घेतला तर कण एकमेकांना चुकवून निसटतील. रायचौधुरींनी नीटसपणाची अट काढून टाकली आणि कणांच्या अशा झुंडीचं आकारमान कसं बदलतं याचं समीकरण मांडलं. त्यात दिसतं की वेडेवाकडेपणा वाचवत नाही, उलट कोसळणं लवकर घडवतो. सामान्य पदार्थाच्या बाबतीत कोसळण्याला विरोध करते ती ढगाची गिरकी.

हा लेख त्यांनी एप्रिल १९५३ मध्ये अमेरिकेतल्या 'फिजिकल रिव्ह्यू'कडे पाठवला. छापून आला मे १९५५ मध्ये. दोन वर्षं! आमचे दिवाळी अंकांचे संपादकसुद्धा इतके थांबवत नाहीत. पुढे १९६५ साली रॉजर पेनरोझ यांनी कृष्णविवरांविषयीचा आपला प्रसिद्ध सिद्धांत मांडला. त्या युक्तिवादात रायचौधुरींचं समीकरण पायाच्या दगडासारखं आहे. त्या कामासाठी पेनरोझना २०२० साली नोबेल मिळालं. रायचौधुरी २००५ मध्येच वारले होते.

तर १९६९ साली, विष्णुपंत नारळीकरांच्या साठीनिमित्त अहमदाबादला परिसंवाद भरला, तेव्हा संघटनेची स्थापना झाली त्याचा अर्थ मी असा लावतो : यापुढे कोणी रायचौधुरी एकटा पडू नये. तसा ठराव कुणी केला असेल असं नाही. हे माझं कवीमन बोलतंय. पण संघटनेचं काम पाहा. साधारण दीड-दोन वर्षांनी देशात कुठे ना कुठे बैठक भरते. ज्येष्ठ मंडळी व्याख्यानं देतात आणि पीएच. डी. करणारी मुलं त्याच मंडळींसमोर फळ्यापाशी उभी राहून आपलं काम मांडतात. वैद्य आणि रायचौधुरी या दोघांच्या नावे एक सन्मानाचं व्याख्यान असतं. १९८७ च्या डिसेंबरात गोव्यात गुरुत्वाकर्षण आणि विश्वरचनाशास्त्रावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली, आणि मग काही वर्षांच्या अंतरानं ती देशात ठिकठिकाणी भरत राहिली. या विषयाची सगळ्या जगाची परिषद १९९७ साली पुण्यात, 'आयुका'मध्ये झाली.

या बैठकांत ज्यांचा वावर असे त्यांपैकी एक होते सी. व्ही. विश्वेश्वरा. कृष्णविवराला धक्का बसला तर काय होईल? घंटेवर टोला पडला की ती ठरावीक सुरात वाजते आणि नाद विरत जातो. कृष्णविवरही तसंच वाजतं, हे त्यांनी १९७० साली गणितानं दाखवलं. ऐकायला तेव्हा कोणाकडेच कान नव्हते. पुण्यात संजीव धुरंधर आणि त्यांचे विद्यार्थी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून एका प्रश्नामागे लागले होते : कल्लोळातून असा क्षीण सूर निवडायचा कसा? बंगळुरूला बाला अय्यर आणि त्यांचे फ्रेंच सहकारी तो सूर नेमका कसा असेल याची आकडेमोड करीत होते. सगळं कागदावर.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या 'लायगो'च्या दोन यंत्रांना तो सूर ऐकू आला. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती. त्यातून उठलेली गुरुत्वलहर इथवर पोचली तेव्हा चार किलोमीटर लांबीच्या नळ्यांतलं अंतर प्रोटॉनच्या आकाराहूनही कितीतरी कमी हललं. पाव सेकंदही न टिकलेला आवाज! योगायोग असा की १४ सप्टेंबर हा रायचौधुरींचा जन्मदिवस. विश्वेश्वरांना मात्र ही बातमी ऐकायला मिळाली. ते जानेवारी २०१७ मध्ये गेले.

आता या कहाणीचं पुढलं पान आपल्या मराठवाड्यात आहे. याच वर्तुळातल्या आणि प्रयोग करणाऱ्या शास्त्रज्ञांनी २००९ साली 'इंडिगो' नावाचा गट बांधला आणि असं एक यंत्र भारतात उभारावं म्हणून पाठपुरावा सुरू केला. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं 'लायगो-इंडिया'साठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. जागा हिंगोली जिल्ह्यात, औंढ्याजवळ. काटकोनात दोन नळ्या, प्रत्येकी चार किलोमीटर. अमेरिकेतली दोन यंत्रं आणि युरोपातलं एक यांच्यापासून इतक्या दूर कान असला की आवाज आकाशात कुठून आला हे कितीतरी नेमकं सांगता येईल. ते २०३० च्या सुमारास पुरं व्हावं, असं मंजुरीच्या वेळी सांगण्यात आलं होतं.

औंढा म्हटलं की आपल्याला नागनाथाचं देऊळ आठवतं, आणि नामदेवांची आख्यायिकाही. त्यांना समोर कीर्तन करू दिलं नाही, म्हणून ते देवळाच्या मागे जाऊन गाऊ लागले, आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं. लहानपणी ही गोष्ट ऐकली तेव्हा एवढं मोठं दगडी देऊळ फिरलं असेल तर आवाज केवढा झाला असेल, असं मी विचारलं होतं. सांगणाऱ्या आजी म्हणाल्या होत्या, "अरे, ते आवाज करायला नाही, ऐकायला फिरलं."