बाथटब, पाच रेडिओ आणि जॉन केज

१९६० साली अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीच्या ‘आय हॅव गॉट अ सीक्रेट’ या खेळात संगीतकार जॉन केज आला आणि त्याने ‘वॉटर वॉक’ ही रचना वाजवून दाखवली. वाद्यं काय, तर पाण्याने भरलेला बाथटब, मिक्सर, बर्फाचे खडे, रबरी बदक, झारी, गुलाबांची फुलदाणी, सोड्याचा सायफन आणि एक भलामोठा पियानो!

पाच रेडिओही होते. पण ते प्लगला कोणी जोडायचे, यावर कामगार संघटनांचं एकमत होईना. केजने वाटच बदलली. रेडिओ जिथे लावायचा तिथे त्यावर थाप मारायची आणि बंद करायचा तिथे सरळ टेबलावरून खाली ढकलायचा.

लोक हसणार, हे सूत्रसंचालक गॅरी मूरने आधीच सांगितलं होतं. केजचं उत्तर साधं होतं: रडण्यापेक्षा हसणं बरं. आणि लोक हसलेच, अगदी खळखळून. केज मात्र स्टॉपवॉचवर नजर ठेवून सेकंदासेकंदाला ठरलेली कृती करत होता. गुलाब टबात ठेवून त्यांना झारीने पाणी घालतानाही चेहऱ्यावर तीच एकाग्रता! मला हा क्षण सगळ्यात आवडतो. तो प्रेक्षकांवर रागावत नाही, त्यांची टरही उडवत नाही.

हीच रचना त्याने १९५९ मध्ये इटलीतल्या एका टीव्ही प्रश्नमंजूषेतही सादर केली होती. तिथे अळंब्यांवरच्या प्रश्नांची अचूक उत्तरं देऊन पन्नास लाख लिरांचं बक्षीसही जिंकलं. अळंब्यांचा त्याचा अभ्यास खरोखरच दांडगा होता.