विचारून पाहू या

मुलांनो, क्षयरोग हा फार जुना रोग आहे. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने २४ मार्च १८८२ रोजी त्याच्या जंतूंचा शोध जाहीर केला. म्हणून २४ मार्च हा 'जागतिक क्षयरोग दिन' मानतात. हा रोग औषधांनी बरा होतो. सरकारी दवाखान्यात औषधे मोफत मिळतात. तरीही, लोक काय म्हणतील या भीतीने काही जण रोग लपवतात. आपल्या मोहल्ल्यातील लोकांना या रोगाची किती माहिती आहे? अंदाज करू नका, पाहणी करा.

प्रथम घरे निवडा. फक्त ओळखीची घरे घेतली, तर खरे चित्र दिसणार नाही. समजा, मोहल्ल्यात २०० घरे आहेत. त्यांना क्रमांक द्या. १ ते ५ अंकांच्या चिठ्ठ्या करून एक उचला. ३ आला, तर ३, ८, १३ अशी दर पाचवी घरे घ्या. ४० घरे होतील. घर बंद असेल, तर संध्याकाळी पुन्हा जा. शेजारचे घर घेऊ नका; नाहीतर दिवसा कामावर जाणारे लोक सुटतील.

आता प्रश्न तयार करा. "क्षयरोग हवेतून पसरतो ना?" असे विचारू नका. त्यात उत्तर आधीच आहे. "क्षयरोग कसा पसरतो?" असे विचारा. एका प्रश्नात एकच गोष्ट असावी. 'माहीत नाही' हेही उत्तर लिहून घ्या. उर्दू बोलणाऱ्यांना उर्दूतच विचारा. 'क्षयरोग' म्हणायचे, 'तपेदिक' की 'टीबी', हे आधीच ठरवा. सर्वांना तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारा.

आधी परवानगी घ्या. कोणाचेही नाव लिहू नका. "तुमच्या घरी कोणाला टीबी आहे का?" असे कधीही विचारू नका. बरोबर उत्तरे शेवटी सांगा. आधी सांगितली, तर पाहणी बिघडेल.

मग उत्तरे मोजा. समजा, ४० पैकी १८ जण म्हणाले, "हात मिळवल्याने रोग पसरतो." म्हणजे ४५ टक्के लोकांचा गैरसमज आहे. मग भित्तिपत्रकावर काय लिहावे, हे तुम्हांला कळेल : क्षयरोग हात मिळवल्याने पसरत नाही, रोग्याच्या खोकल्यातून हवेत गेलेल्या जंतूंमुळे पसरतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर तपासणी करा. उपचार मध्येच सोडू नका.

नीट विचारलेला एक प्रश्न कोणाचा तरी जीव वाचवू शकतो.

स्वाध्याय
१. काही रोगी क्षयरोग का लपवतात?
२. बंद घराऐवजी शेजारचे घर का घेऊ नये?
३. पाहणीसाठी पाच प्रश्न तयार करा.