चिनी सृष्टिकथा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अंड्यातून पानगू जन्मला, त्याने आकाश आणि पृथ्वी वेगळी केली. मग न्यूवा देवीने मातीची माणसं घडवली. मग आभाळ फाटलं, तेही तिनेच सांधलं. शेवटी महापूर आला आणि तो यूने आवरला. मुलांच्या पुस्तकांत आणि व्हिडिओंत चिनी सृष्टिकथा अशी ओळीने सांगितलेली असते. बाहेरच्या वाचकाला ती सोयीची वाटते. पण ही ओळ नंतर कुणीतरी लावलेली आहे, आणि बरेचसे गैरसमज तिथूनच सुरू होतात.

गैरसमज: चीनचा एखादा मूळ पुराणग्रंथ असेल, तो वाचला की झालं.

वस्तुस्थिती: असा एकच ग्रंथ नाही. कथा तुकड्यातुकड्यांनी विखुरल्या आहेत: थोड्या ‘शानहायचिंग’ या पर्वत-समुद्रांच्या ग्रंथात, थोड्या इ. स. पू. १३९ मध्ये सम्राटाला सादर झालेल्या ‘हुआयनानत्झ’ या ग्रंथात. ‘थ्येनवन’ हे प्राचीन काव्य तर नुसते प्रश्नच विचारतं आणि उत्तरं वाचकाला ठाऊक आहेत असं धरून चालतं. इतिहासकार सिमा छ्येनने आपल्या इतिहासाची सुरुवात केली ती पीत सम्राटापासून. विश्वाच्या उत्पत्तीत तो शिरलाच नाही. हे तुकडे जुळवून सलग कथा मांडण्याचं मोठं काम विसाव्या शतकात युआन ख या अभ्यासकाने केलं. त्याचं पहिलं पुस्तक १९५० चं.

गैरसमज: पानगू सर्वांत आधीचा, म्हणून त्याची कथाही सर्वांत जुनी.

वस्तुस्थिती: कथेत तो पहिला, पण लिखित साहित्यात उशिरा आलेला. त्याची कथा इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात श्यू चंग या लेखकाकडे सापडते. न्यूवाचा उल्लेख त्याच्या कितीतरी शतकं आधीचा आहे. श्यू चंगचा मूळ ग्रंथही हरवला. उरली ती इतरांनी घेतलेली अवतरणं. त्यांनुसार आकाश रोज एक झांग (साधारण अडीच मीटर) वर जात होतं, जमीन रोज तेवढीच जाड होत होती आणि मधला पानगू रोज तेवढाच उंच होत होता. हे चाललं अठरा हजार वर्षं.

पानगूच्या देहातून सूर्य, चंद्र, नद्या झाल्या हे वाचताना आपल्याला पुरुषसूक्त आठवतं. कथा भारतातून गेली असावी, असं काही अभ्यासकांनी सुचवलंही आहे. पण साम्य म्हणजे पुरावा नव्हे. शिवाय एका पाठात माणसं झाली ती पानगूच्या अंगावरच्या किड्यांपासून! तिथे दोन्ही वाटा चांगल्याच वेगळ्या होतात.

गैरसमज: कुंगकुंग नावाच्या देवाने आकाशाचा खांब मोडला, म्हणून न्यूवाला ते सांधावं लागलं.

वस्तुस्थिती: ‘हुआयनानत्झ’मध्ये या दोन कथा वेगवेगळ्या प्रकरणांत आहेत, एकमेकींचं नावही न घेता. एकीत न्यूवा पंचरंगी दगड वितळवून आभाळ लिंपते, महाकासवाचे पाय कापून चार दिशांना टेकू देते आणि बोरूची राख टाकून पूर थोपवते. दुसरीत सत्तेच्या झगड्यात चिडलेला कुंगकुंग बूचौ पर्वतावर डोकं आपटतो. आकाश वायव्येला कलतं, म्हणून चंद्र-सूर्य तिकडे सरकतात. जमीन आग्नेयेला खचते, म्हणून पाणी तिकडे वाहतं. पश्चिमेला उंच पठारं आणि पूर्वेला समुद्र असलेल्या देशाचा भूगोलच इथे उलगडून सांगितला आहे. दोन्ही कथांना कार्यकारणभावाने जोडलं ते पुढच्या लेखकांनी.

गैरसमज: पूर म्हणजे पापाची शिक्षा, आणि सुटका म्हणजे नौका.

वस्तुस्थिती: यूच्या कथेत पाप नाही, नौकाही नाही. त्याचा बाप कुन आपोआप वाढणारी माती देवाकडून चोरतो, पूर अडवू पाहतो आणि जीव गमावतो. प्रसिद्ध पाठात मुलगा वेगळा मार्ग धरतो: बांध घालत न बसता पात्रं उपसून पाण्याला समुद्राची वाट करून देतो. या कामात तो तीनदा स्वतःच्या दारावरून गेला, पण घरात पाऊल टाकलं नाही, असं प्राचीन तत्त्वज्ञ मेन्शियस सांगतो. मात्र मियाओ, याओ अशा दक्षिणेकडच्या समाजांच्या कथांत भोपळ्यात बसून वाचलेले बहीण-भाऊ भेटतात. म्हणजे ‘चिनी पूरकथा’ असं एकवचनी बोलणंच चुकीचं.

गैरसमज: वानरराज सन वूकोंग हा चीनचा आदिदेव.

वस्तुस्थिती: आपण ज्याला ओळखतो तो ‘पश्चिमेची यात्रा’ या मिंगकालीन कादंबरीचा नायक; तिची उपलब्ध जुनी आवृत्ती १५९२ ची. त्याचा गुरू मात्र खऱ्या ह्युएनत्संगावर बेतलेला आहे, जो सातव्या शतकात दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन गेला होता. वूकोंगमागे हनुमान आहे का, यावर १९२० च्या दशकात हू शृ आणि लू शुन या चिनी लेखक-अभ्यासकांची मतं जुळली नाहीत. वाद अजून मिटलेला नाही.

नव्याने वाचणाऱ्याने एवढं करावं: कथा आवडली की ती कोणत्या ग्रंथात, कोणत्या शतकात आली आहे ते पाहावं, आणि तिचा निदान आणखी एक पाठ शोधावा. ॲन बिरेल यांचं १९९३ चं इंग्रजी पुस्तक यासाठी सोयीचं आहे. त्यात मूळ उताऱ्यांचे अनुवाद ग्रंथनामासह दिले आहेत. ज्या पुस्तकात ग्रंथांची नावंच नाहीत, ते गोष्टीसाठी खुशाल वाचावं. चीनला काय वाटत होतं, याचा निष्कर्ष त्यावरून काढू नये.