बुंधा काढायचा तर वाफशावर

रानाला वाफसा आला की कुरी धरायची, हे सातारा-सांगलीत कुणाला शिकवावं लागत नाही. परसातला वाळका बुंधा काढायलाही हाच वाफसा हवा, हे मात्र फारसं कुणी ध्यानात घेत नाही. मुलं सुट्टीला घरी असतात म्हणून लोक मे महिन्यात कुदळ उचलतात. तेव्हा कृष्णाकाठची काळी जमीन भेगाळून इतकी टणक झालेली असते की पहार आदळून परत येते. आषाढात तीच माती फावड्याला चिकटते आणि खड्ड्यात पाणी साठतं. परतीचा पाऊस थांबल्यावर मातीचा मुठीत गोळा झाला आणि बोटाने टोचताच तो फुटला, की कामाला लागावं. ही वेळ दिवाळीच्या आगेमागेच येते.

दोन्ही गावांची जमीन एक नाही. सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचं गाव. उताराच्या बाजूला थोड्याशा मातीखाली मुरूम लागतो आणि त्याखाली काळा पाषाण. तिथे मुळं खोल जाण्याऐवजी आडवी पसरतात, म्हणून खड्डा उथळ पण रुंद घ्यावा लागतो. सांगलीच्या गाळाच्या जमिनीत मुळांना खाली भरपूर वाव असतो, तिथे खोदाईही खोल. त्यात २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत सांगलीत घराघरांत पाणी शिरलं. मुळाशी दिवसेंदिवस उभं राहिलेलं पाणी शेवगा, पपई यांना सोसत नाही, आणि परसात वाळके बुंधे उरतात. सांगलीच्या गावभागातल्या बोळांत किंवा साताऱ्याच्या पेठांतल्या वाड्यांमागे जेसीबी शिरत नाही. शिरला तरी ओल्या काळ्या मातीवरून फिरून ती दाबून टाकतो, मग तिथे काही धड वाढत नाही. म्हणून हाताने.

बुंधा ताकदीने उपटत नाही. मुळं एकेक करून सोडवावी लागतात. पहिली चूक झाड तोडतानाच होते. तोडणाऱ्याला सांगून खोड निदान कमरेएवढं उंच ठेवून घ्यावं. जमिनीलगत कापलं की हलवायला काही हाताशी राहत नाही. उभं खोड ही फुकटची तरफ आहे. फूटभर जाडीच्या खोडापासून सुमारे दोन फूट सोडून भोवती चर घ्यावा, माणसाला आत उभं राहून कुऱ्हाड चालवता येईल एवढा. उघडं पडलेलं मूळ आधी पाण्याने धुवावं, कारण माती-खड्यांवर कुऱ्हाडीची धार लगेच जाते. मूळ दोन ठिकाणी तोडून मधला तुकडा काढला, की पुढच्या मुळापर्यंत हात पोचतो. करवत चालवायची तर जुनी घ्यावी. आडवी मुळं संपल्यावर खोडाच्या टोकाला नाडा बांधून हेलकावे द्यावेत. जिकडे खोड अडतं तिकडे मूळ शिल्लक आहे. शेवटी एका बाजूची माती खालून कोरायची, खोड दुसऱ्या बाजूला ओढून धरायचं आणि ताणलेलं सोटमूळ तोडायचं. ओढणाऱ्याने खोडाच्या उंचीहून लांब उभं राहावं. आत हात घालण्याआधी काठीने चाचपावं, पोकळ बुंध्यात साप-विंचवांचा आसरा असू शकतो. पाण्याची पाइप आणि संडासाची टाकी कुठे आहे, हे घरातल्या जुन्या माणसाला आधी विचारावं.

सुबाभळीपुढे धीर लागतो. मध्य अमेरिकेतलं हे झाड चारा आणि सरपणासाठी आपल्याकडे जागोजाग लावलं गेलं. बुडातून तोडलं की ते अधिक जोराने फुटतं. ऊसवाल्यांना यात नवल वाटणार नाही. ऊस तुटल्यावर खोडव्याचे बुडखे जमिनीलगत छाटतात, ते खालच्या डोळ्यांतून जोमदार फुटवे यावेत म्हणूनच. परसात नेमकं तेच नको असतं. खोड मुळांना जिथे मिळतं तो सगळा गड्डा निघाला पाहिजे. त्याखाली राहिलेलं मूळ कुजून जातं.

नारळाची तऱ्हा उलटी. त्याला सोटमूळ नाही, बुडाला पेन्सिलीएवढ्या जाड मुळांचा झुबका असतो आणि तो पुन्हा फुटत नाही. म्हणून लोक बुंधा तसाच सोडतात, आणि हे मला सगळ्यात घातक वाटतं. कुजत्या बुंध्यात गेंडा भुंगा अंडी घालतो, आणि तिथे वाढलेले भुंगे शेजारच्या धडधाकट नारळाचा कोवळा शेंडा पोखरतात. परसात दुसरा नारळ असेल तर हा बुंधा सर्वांत आधी काढावा. भिंतीलगतच्या कोणत्याही बुंध्याला वाळवी लागते, ती पुढे दाराच्या चौकटीपर्यंत येऊ शकते.

मीठ ओतणं, रॉकेल टाकून पेटवणं हे उपाय कृपा करून करू नका. मिठाने ती जागा नासते. आग मुळांच्या आतून धुमसत राहते आणि शेजाऱ्याच्या कुंपणाशी वर येऊ शकते. घाई नसेल आणि बुंधा नारळाचा किंवा भिंतीलगतचा नसेल, तर त्याला भोकं पाडून शेणकाला भरावा आणि ओल टिकवावी. काही वर्षांत लाकूड भुसभुशीत होतं. झाड अजून उभं असेल तर शहरात १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी आधी घ्यावी लागते.

निघालेल्या लाकडाचे ढलपे बंबाला उत्तम. ते खड्ड्यात मात्र पुरू नयेत. लाकूड कुजताना भोवतालच्या मातीतलं नत्र ओढून घेतं आणि नवं रोप पिवळं पडतं. माती थरथराने दाबत भरावी, वर वीतभर उंचवटा ठेवावा, कारण एका पावसाळ्यात ती खाली बसतेच. त्या जागी त्याच जातीचं झाड लगेच लावू नये. पहिलं वर्ष मेथी, कोथिंबीर, घेवडा घ्यावा आणि पुढच्या जूनमध्ये रोप लावावं.