ससाणा सुटला, मार्पलबाई अडकल्या

२०२६च्या पहिल्याच दिवशी अमेरिकेत १९३०ची पुस्तकं स्वामित्वहक्कातून मोकळी झाली. बातम्यांत दोन नावं एका दमात उरकली गेली: अगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर अ‍ॅट द व्हिकरेज’, म्हणजे मिस मार्पलची पहिली कादंबरी, आणि डॅशिएल हॅमेटची ‘द माल्टीज फाल्कन’. त्यातच १२ जानेवारीला ख्रिस्तीच्या निधनाला ५० वर्षं झाली. मग काय, सगळा गजर बाईंच्याच नावाचा. हॅमेट शेपटाला.

खरं तर ही दोन पुस्तकं एका कपाटात गुण्यागोविंदाने नांदणारी नव्हेत. दोघांचं मुळातच पटत नाही. खून म्हणजे काय, इथूनच मतभेद सुरू होतात. ख्रिस्तीच्या पुस्तकात पाद्र्याच्या अभ्यासिकेत कर्नल प्रोथेरो मरून पडतो. तो मेल्याचं दुःख गावात फारसं कुणालाच नाही. वाचकालाही नाही, कारण त्याला हवा असतो हिशेब: कोण कुठे होतं, घड्याळ किती वाजता थांबलं, चिठ्ठी कुणी लिहिली. शेवटी हिशेब जुळतो आणि गाव पुन्हा चहा प्यायला मोकळं होतं. या हिशेबाला तेव्हा धर्माचंच रूप आलं होतं. १९३०मध्येच लंडनला रहस्यकथाकारांचा ‘डिटेक्शन क्लब’ उभा राहिला, जी. के. चेस्टरटन त्याचा पहिला अध्यक्ष. नव्या सभासदाने शपथ घ्यायची, तीही मानवी कवटीच्या साक्षीने: दैवी साक्षात्कार, योगायोग असल्या पळवाटा काढणार नाही, वाचकापासून महत्त्वाचा धागा लपवणार नाही. गंमत म्हणून ठीक आहे. पण खेळाचे नियम इतके चोख झाले की मेलेल्या माणसाकडे बघायला कुणाला सवडच उरली नाही.

हॅमेट असल्या कुठल्या क्लबात बसणारा नव्हता. शाळा किशोरवयातच सुटलेली. १९१५मध्ये तो बाल्टिमोरला पिंकर्टन एजन्सीत खासगी गुप्तहेर म्हणून लागला. मध्ये सैन्यात गेला, तिथे इन्फ्लुएन्झा आणि मागोमाग क्षय घेऊन परतला. पुन्हा थोडी हेरगिरी केली आणि १९२२पर्यंत ती नोकरी सुटली. खोकत खोकत दुसरं काय करणार? तो लिहायला लागला.

माझा मुद्दा या नोकरीपाशी आहे. पिंकर्टनच्या माणसाला पाळतीचा अहवाल लिहावा लागे. अमुक इसम इतक्या वाजता बाहेर पडला, अमुक दुकानात शिरला, हातात पुडकं होतं. त्याच्या मनात काय चाललं होतं, हे लिहायचं नाही, कारण ते तुम्हाला दिसलेलं नसतं. आता ‘माल्टीज फाल्कन’ उघडा. अख्ख्या कादंबरीत एकाही पात्राच्या डोक्यात लेखक शिरत नाही. भागीदाराच्या खुनाची खबर मध्यरात्री फोनवर येते, तेव्हा गुप्तहेर सॅम स्पेडला काय वाटलं, याबद्दल चकार शब्द नाही. तो सिगारेट वळतो. कागदाला बाक कसा दिला, तंबाखू कशी पसरली, बोटं कशी फिरली, तेवढं मात्र सविस्तर. समीक्षक याला शैली म्हणतात. मला त्यात पोटापाण्यासाठी लिहिलेल्या अहवालांची सवय दिसते, आणि पुढच्या सगळ्या गुन्हेकथेने ती सवय उचलली असं माझं मत आहे.

त्या नोकरीने त्याला आणखी एक गोष्ट दाखवली: खून हे बऱ्याचदा कुणीतरी पैसे मोजून करवून घेतलेलं काम असतं. पिंकर्टनची माणसं संप मोडायलाही वापरली जात. मोंटानातल्या ब्यूट या खाणींच्या गावात १९१७मध्ये फ्रँक लिटल या कामगार नेत्याला जमावाने फासावर लटकवलं. त्याला मारण्यासाठी हॅमेटला पाच हजार डॉलर देऊ केले होते, असं त्याची सहचरी लिलियन हेलमन हिने पुढे लिहिलं. अभ्यासक हे पूर्ण मानत नाहीत, आणि हेलमनबाईंचा गोष्टी रचण्याचा लौकिक पाहता शंका घेणं रास्तच. पण १९२९च्या त्याच्या ‘रेड हार्वेस्ट’ कादंबरीला काही साक्षीदार लागत नाही. खाणमालक संप मोडायला गुंड आणतो, संप मोडतो, गुंड मात्र जात नाहीत; तेच गाव ताब्यात घेतात. इथे खुनी सापडून काय उपयोग? गुन्हेगार म्हणून धरायचं तर अख्खी नगरपालिका धरावी लागेल.

गुन्हेकथाकार रेमंड चँडलरने १९४४च्या आपल्या गाजलेल्या निबंधात खुनाचं हे खरं रूप दाखवल्याचं श्रेय हॅमेटला दिलं. त्याच निबंधात त्याने ए. ए. मिल्नच्या ‘द रेड हाउस मिस्ट्री’ची सालटी काढली आहेत. हो, ‘विनी द पू’वाला मिल्न! तोच पू २०२२मध्ये अमेरिकेत हक्कमुक्त झाला आणि पुढच्याच वर्षी कुणीतरी त्याच्यावर रक्तबंबाळ भयपट काढला. मार्पलबाईंनी सांभाळून राहावं.

‘फाल्कन’मधला माझा आवडता भाग कथानकाच्या कामाचाच नाही. स्पेड एका अशिलाला फ्लिटक्राफ्टची हकिकत सांगतो. टॅकोमातला हा जमीनजुमल्याचा दलाल दुपारी जेवायला निघतो. बांधकामावरून एक तुळई त्याच्या शेजारी कोसळते, फरशीचा टवका उडून गालाला लागतो, बाकी काही होत नाही. तो तसाच चालत गाव सोडतो. बायको, मुलं, धंदा, सगळं मागे टाकून. काही वर्षांनी स्पोकेनमध्ये सापडतो: नवं नाव, नवा धंदा, आणि बायको पहिलीच्याच वळणाची. तुळया पडतात म्हणून तो बदलला. मग पडेनात, तेव्हा तसा जगू लागला. ऐकणारी बाई वरवर हूं म्हणते आणि विषय बदलते. झुंजार-काळापहाडच्या रहस्यकथांवर वाढलेला आपला वाचकही इथे क्षणभर चुळबुळेल. यात सुटण्यासारखं कोडंच नाही ना!

कादंबरी जिथे घडते त्या सॅन फ्रान्सिस्कोला मात्र कोड्यांची फिकीर नाही. बरिट स्ट्रीटवर स्पेडचा भागीदार जिथे मारला गेला, तिथे पितळी पाटी आहे, आणि तिच्यावर खुन्याचं नाव स्वच्छ कोरलेलं आहे. पुस्तक न वाचता त्या गल्लीत जाऊ नये.

आता आपल्या कामाची गोष्ट. भारतात हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. ख्रिस्ती गेली १९७६मध्ये, म्हणजे अमेरिकेत काहीही होवो, इथे मार्पलबाई २०३६ अखेरपर्यंत कुलपात. हॅमेट गेला जानेवारी १९६१मध्ये. त्याचा ससाणा मराठी प्रकाशकांसाठी १ जानेवारी २०२२पासूनच मोकळा उडतो आहे. कुणी हात घातलाच तर मुखपृष्ठाच्या चित्रकाराला एक आधी सांगावं: हम्फ्री बोगार्टचा चेहरा काढू नकोस. तो १९४१च्या सिनेमातला, आणि सिनेमाचा हक्क अमेरिकेत अजून जिवंत आहे. हॅमेटचा स्पेड उंचापुरा आहे, हनुवटी टोकदार आणि केस फिकट तपकिरी.